मागावर साडी असताना

“अक्षरांचं काय घेऊन बसलात ताई, धागा दाखवा,” असं म्हणत ते खिशातून जांभळ्या रेशमाचं टोक काढायचे, माझ्या काळ्या पर्सवर ठेवायचे आणि एक डोळा झाकून बघायचे. नाशिकच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी नंबर तपासत असे. भिंतीवरच्या तक्त्यावर या येवल्याच्या विणकराचा कधी विश्वास बसला नाही. आधी मला त्याचा रागच यायचा.

त्यांना केरॅटोकोनस होता. त्यात बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं, एका धाग्याचे चार दिसतात, चष्मा चालत नाही. कडक लेन्स दिली, तर तिच्याखाली रेशमाची कुसं जायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस उजवं बुबुळ आरपार कापून तिथे दान आलेलं बसवलं. सोळा टाके पडले.

दृष्टी आल्यावर डॉक्टरांनी एकदा गंमत म्हणून त्यांना यंत्रातून एका बाईंच्या डोळ्यातले टाके दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले.

“चौथा आवळलाय. ताण सारखा नाय.”

डॉक्टरांनी मोजून पाहिलं, तर खरंच. तो टाका काढल्यावर बाईंचा नंबर उतरला. त्या दिवसापासून ते आम्हा सगळ्यांना हाताखालची माणसं समजू लागले.

दुसऱ्याचा टाका ओळखणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र फसला. तिसऱ्या वर्षी डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. शरीर परकं बुबुळ नाकारू लागलं की असं होतं. त्याच दिवशी यायचं, हे मी दहा वेळा बजावलं होतं. ते अकरा दिवसांनी आले.

“मागावर लग्नाची साडी व्हती. अर्धी कशी सोडणार?”

बुबुळ धुरकट झालं ते कायमचं. मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्याची मला आजही लाज वाटते.

काही वर्षांत डावा डोळाही ऑपरेशनला आला. तोवर डॉक्टर नवी पद्धत शिकले होते. बुबुळाचे वरचे थर तेवढे बदलायचे, आतला पातळ पडदा आपलाच ठेवायचा.

“धागा कशात बरा दिसंल?”

“पूर्ण बदललं तर कदाचित थोडा बरा,” डॉक्टर खरं ते बोलले. “पण थर बदलला तर नाकारलं जायची भीती खूप कमी. ऑपरेशनमध्ये पडदा फाटला, तर मात्र जुनीच पद्धत.”

त्यांनी खिशातला धागा बोटाला गुंडाळला. मग म्हणाले, “माझाच मला भरवसा नाय साहेब. टिकंल तेच करा.”

पडदा फाटला नाही. तक्त्यावर मात्र उजव्या डोळ्याच्या चांगल्या दिवसांपेक्षा एक ओळ कमी वाचली. पदरावरचे मोर त्यांनी सुनेकडे सोपवले, बाकीची साडी स्वतः विणू लागले.

एका सकाळी पहिल्या एसटीने, न कळवता आले. डावा डोळा किंचित लाल. डॉक्टरांनी तपासलं, नुसती धूळ होती.

“मागावर काय आहे?” मी विचारलं.

“लग्नाचीच हाय.”

“मग?”

“थांबंल नवरी.”

मी त्यांना चहा पाजला. नंतर ते आले नाहीत.

दोनेक वर्षांनी त्यांची सून स्वतःचा नंबर तपासायला आली. ते झोपेतच गेले होते. मागावरची अर्धी साडी तिनेच पुरी केली. मी तक्त्याचा दिवा लावला, तर तिने रुमालाच्या गाठीतून जांभळा धागा काढला. मी माझी काळी पर्स पुढे केली.