विहिणीला दिलेलं कार्ड

मी चौथीपर्यंत शिकले. क्रेडिट कार्ड म्हणजे काय ते मला मुलानं सांगितलं. मोबाईल नुकते घरोघर आले होते तेव्हाची गोष्ट.

मुलीचा पहिला दिवाळसण होता. सासर धारवाडचं. विहिणीला साडी द्यायची होती, पण माझी निवड त्यांना पसंत पडत नाही हे लग्नातच कळलं होतं.

मुलगा म्हणाला, "आई, हुबळीच्या साडीच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड दे. पाच हजारांचं. त्यांची त्या निवडतील. माझ्या क्रेडिट कार्डावर घेतलं तर बँक दहा टक्के परत देते आहे."

पाचशे रुपये परत येणार म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणू?

कोरी वस्तू हळदकुंकवाशिवाय आम्ही कुणाला देत नाही. कार्डावर पुढून छान चित्र होतं, ते खराब नको म्हणून मी ते उलटं केलं आणि मागच्या काळ्या पट्टीवर ओल्या कुंकवाची दोन बोटं ओढली. वाळल्यावर दिलं.

चार दिवसांनी मुलीचा फोन आला. "आई, दुकानात कार्ड चाललंच नाही. सासूबाई गर्दीतून हात हलवत परत आल्या. म्हणतात, तुझ्या माहेरानं रिकामं कार्ड दिलं."

साडी गेली खड्ड्यात. पण पोरीला हे जन्मभर ऐकावं लागलं असतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मुलानं बँकेला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा करता करता तास गेला. बँक म्हणाली, दुकानाला विचारा. आणि गिफ्ट कार्डाच्या खरेदीवर दहा टक्के मिळतच नाहीत. दुकान म्हणालं, विकलेलं कार्ड आम्ही परत घेत नाही, बँकेला विचारा.

मग मीच विहिणीला फोन करून हुबळीला दुकानात बोलावलं आणि स्वतःही गेले. त्या कार्ड घेऊन आल्या. काउंटरवरच्या मुलीनं ते मशीनमधून दोनदा ओढलं.

"अम्मा, इदु नडियंगिल्ल." चालत नाही म्हणे.

"बघा," विहीण म्हणाल्या. "मी काही खोटं बोलत नव्हते."

"आणि मी खोटं देत नाही," मी म्हणाले. "मालकांना बोलवा."

मालक आले. त्यांनी कार्ड उलटं करून उजेडात धरलं.

"अक्का, हे कुंकू कोणी लावलं?"

"मी. दुसरं कोण लावणार?"

"मशीन ही काळी पट्टी वाचतं. तिच्यावर तुम्ही गिलावा केलाय."

"मग तुम्ही का नाही पुसलंत?" मी विहिणीला विचारलं.

"सणाचं कुंकू कुणी पुसतं का?" त्या माझ्यावरच उखडल्या. बरोबरच होतं. मीही पुसलं नसतं.

मालकांनी ओल्या फडक्यानं पट्टी पुसली, कोरडी केली आणि कार्ड ओढलं. मशीन कुरकुरलं, चिठ्ठी बाहेर आली. शिल्लक पूर्ण पाच हजार. मी तिथल्या स्टुलावर बसले. कुणीतरी पाणी दिलं, ते सगळं प्यायले.

बँकेचे पाचशे काही आले नाहीत. मुलगा बरेच दिवस भांडत होता. मी त्यात पडले नाही.

साडी निवडण्याआधी विहिणीनं दुकानातूनच घरी फोन लावला आणि सुनेला सांगितलं, "कार्ड भरलेलं होतं गं. मी उगाच बोलले तुला."


एवढं ऐकलं आणि मी साड्या बघायला उठले.