गाव लांब आहे

रविवार, गौरी-गणपती गेल्यानंतरचा. दुपारी, जेवणं उरकल्यावर, वस्तीतल्या बुद्धविहारात. हजर: शकुंतलाबाई, म्हणजे शकुमावशी, वस्तीतल्या झाडून सगळ्या बाया, कामावर न गेलेले थोडे पुरुष, आणि मी, लोणावळ्यातल्या एका कॉलनीची सेक्रेटरी. गैरहजर: भास्कर, शकुमावशीचा मुलगा. त्याला निरोप दिला नव्हता. देत नाहीत.

पुढे जे लिहितेय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, कॉलनीत नाही. मैत्रिणीला सांगावं म्हटलं तर तेवढी जवळची मैत्रीण मी ठेवलीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मला समजून घ्यायचा प्रयत्न मात्र करू नका. त्याचा राग येतो.

गावाचं नाव लिहीत नाही. कार्ल्याच्या अलीकडे हायवेवरून भातखाचरं दिसतात, त्यांतलंच एक. कचऱ्याचं काम ज्या कार्यालयाकडे होतं, त्याचंही नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही त्या कार्यालयावर चिडाल, आणि मी अलगद सुटेन.

काही वर्षांपूर्वी कचरा डेपो आमच्या कॉलनीच्या मागे होता. शनिवार-रविवारी येणारे पाहुणे जे टाकून जातात ते सगळं तिथे — पावसाळी टोप्या, पाण्याच्या बाटल्या, चिक्कीचे रिकामे डबे, रिसॉर्टच्या भटारखान्यातली हाडं. सोमवारपासून ते पेटवत. धूर आमच्याकडे यायचा आणि डेपोतून निघणारा ओढा खाली वस्तीच्या खाचरांत जायचा. म्हणून आम्ही एकत्र आलो. आंदोलन उभं करायचं म्हणजे याद्या करायच्या, आणि याद्या मला येतात. बॅनर कोण, पाणी कोण, पत्रकाराला फोन कोण. कॉलनीतली माणसं गाड्यांतून आली, फोटो काढून घेतले आणि ऊन वाढायच्या आत परत गेली. पर्यावरणप्रेमी म्हणवतात स्वतःला. कार्यालयाच्या फाटकासमोर दिवसभर बसल्या त्या वस्तीतल्या बाया. त्यांच्यात मी. मावशी तेव्हापासून मला आपली मानते.

तिथेच एक गोष्ट मी तिच्याकडून शिकले. मोर्च्याच्या पत्रकावर मी लिहिलं होतं — समस्त गाव सहभागी. मावशीने शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं आणि हसली.

"ताई, गाव कुटं आलंय? गाव घरी झोपलंय. हितं वस्ती आलीया."

"वस्ती गावातच ना, मावशी?"

"तुमी शेरातल्या. गाव म्हंजी आमी सोडून बाकीचे. पानी आलं तरी गावात आलं, रस्ता झाला तरी गावात झाला. आमी गावात मोडत न्हाई. वस्ती म्हना, न्हाईतर आमाला वगळलंच समजा."

मी पत्रक दुरुस्त केलं. मला आवडतं चूक सापडली की दुरुस्त करायला. शब्द लक्षात ठेवला.

आंदोलन जिंकलं. डेपो हलवायचं ठरलं. कुठे? एक जागा सुचली. उताराच्या खालच्या अंगाला, सरकारी पड. स्थळपाहणीला कार्यालयाचे साहेब जाणार होते, आंदोलनाची प्रतिनिधी म्हणून मी. वस्तीला कळवलं का, असं आमच्या अध्यक्षांनी विचारलंच नाही. मला म्हणाले, आता काम फत्ते करूनच या.

जीप भास्कर चालवत होता. तो तेव्हा त्याच कार्यालयात कंत्राटी ड्रायव्हर होता. गाडी त्याने सावलीला लावली आणि बाहेर येऊन उभा राहिला. साहेबांनी जागा पाहिली. पुढे बांबूचं दाट बेट. त्याच्या पलीकडे काय आहे ते साहेबांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. बेटापलीकडे वस्तीची विहीर आहे. मी त्या विहिरीचं पाणी प्याले होते, मोर्च्याच्या तयारीला गेले होते तेव्हा.

साहेब म्हणाले, "गाव किती लांब इथून?"

मी म्हणाले, "गाव लांब आहे."

खोटं होतं का ते? शब्द घेऊन बसलात तर नाही. गावठाण खरंच लांब आहे. तेवढं खरं मी मोजून बोलले. का बोलले? कुणाचा दबाव नव्हता. ही जागा बारगळली असती तर डेपो आमच्या मागेच राहिला असता, पुन्हा बैठका, पुन्हा धूर — आणि माझ्या यादीतली ती एक ओळ किती दिवस खोडायची राहिली होती. मला ती खोडायची होती. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी शोधून पाहिलं. सापडलं नाही.

पण कबूल करायचं ते हे नव्हे. म्हणजे हेही आहे — पण एवढ्यावर थांबता आलं असतं, तर मी कदाचित वस्तीत जाऊन सांगूनही टाकलं असतं. पुढचं ऐका.

गाड्या यायला लागल्या. पहिल्याच पावसाळ्यात विहिरीच्या पाण्यावर तवंग आला. आता ते पाणी गुरंही पीत नाहीत. बाया हंडे घेऊन गावठाणातल्या नळावर जातात आणि गाव भरून झाल्यावर उरलं तर भरतात. लहान मुलांच्या अंगावर पुरळ. मावशीचा खोकला. कॉलनीत आम्ही त्या वर्षी मागच्या बाजूला झाडं लावली.

वस्तीत प्रश्न निघाला — साहेबाला ही जागा दाखवली कुणी? त्याच सुमाराला भास्कर नोकरीत कायम झाला. त्याचा नंबर लागला होता, बाकी काही नाही. पण लोकांनी दोन्ही जोडलं. कोण म्हणालं, घराचा भेदी. कोण म्हणालं, विहिरीत घाण कालवून पगार आणला. भास्करने आईला खरं सांगितलं. त्याच्या कानावर पडलं होतं — साहेबाने विचारलं, ताई म्हणाल्या गाव लांब आहे.

मावशीने मला बोलावून घेतलं. विहारात, सगळ्यांच्या समोर. भास्कर दाराशी उभा होता, चपला न काढता. बैठकीआधी पंचशील झालं. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. सगळ्यांबरोबर मीही हात जोडून उभी होते.

"ताई," मावशी म्हणाली, "ह्यो म्हनतो, तुमी सायबाला सांगितलं. तुमीच बोला आता. उन्हात आमच्या संगं बसलेली बाई असं बोलंल व्हय?"

भास्कर माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. मी बोलेन अशी त्याला खात्री होती. मी काय म्हणाले? नाही म्हटलं नाही. मी फक्त विचारलं —

"गाडीपासून तिथवर त्याला काय ऐकू येणार, मावशी?"

तेही खोटं नव्हतं. प्रश्न होता. प्रश्न खोटा असतो का? बघा, मला येतं हे. माझ्या हाताला वळण आहे त्याचं. मागून कुणीतरी हसलं. "कान लय लांब हायेत गड्याचे," कुणीतरी म्हणालं. मावशी उठली आणि मुलाच्या थोबाडीत दिली. एवढ्या मोठ्या बाप्याच्या. तो तसाच गेला. आता लोणावळ्यात भाड्याच्या खोलीत राहतो. पाण्याचा जार दर आठवड्याला आईच्या दारात ठेवून जातो, आणि मावशी तो ओतून देते. सुनेच्या डोहाळजेवणाला वस्तीतून कुणी गेलं नाही. मी गेले होते. साडी घेऊन. तो दार उघडून बाजूला झाला, "या" म्हणाला नाही. मी आत गेले. साडी ठेवली. कामातलं एक काम.

कॉलनीत माझा सत्कार झाला, वस्तीत माझ्यासाठी खुर्ची असते. परवाही होती. बाकी सगळे सतरंजीवर, मी खुर्चीत, मांडीवर वही. डेपो हटवायचं नवीन आंदोलन सुरू करायचंय. बांधायला मी. दुसरं कोण? अनुभव आहे. पाण्याचा नमुना कोण नेणार, तहसीलला अर्ज कोण देणार, बायांना कामावरून सुट्टी कशी मिळणार, सगळं नावानिशी लिहून काढलं. मावशीला मध्येच खोकल्याची उबळ आली. बायांनी पाठ चोळली. थांबल्यावर ती म्हणाली,

"आनि ताई, हे बी लिवा. माझ्या मातीला भास्कर नगं. मी बोलाय नसंन, म्हनून तुमच्या वहीत असू द्या."

 सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी लिहिते का ते बघायला.

मी लिहिलं. इतर कामांच्या खाली, त्याच अक्षरात. नंतर मावशीला वाचून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून. "बराबर," ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवला.

तुम्ही आता काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. म्हणू नका. मी तुमच्याकडे काही मागत नाही. बैठक पुन्हा येत्या रविवारी, विहारातच. पाण्याच्या नमुन्यासाठी बाटल्या आणल्या, अर्ज टाइप झाला, तहसीलची वेळ घेतली. एक राहिलंय. सगळ्यांसमोर उभं राहून शकुमावशीला सांगायचं की भास्करला ऐकू आलं होतं.