आमचं घर खचलेलं नाही

नोटीस पुढच्या दाराला चिकटवून गेले होते. ते दार आम्ही वापरतच नाही, म्हणून ती शेजारच्या काकूंनी सोडवून आईला आणून दिली. आईने मला परभणीला फोन केला. "अगं, नगरपरिषदेनं आपलं घर पाडायचं काढलंय म्हनं," दूध नासलं असं सांगावं, तशा आवाजात म्हणाली.

सुटी टाकून एसटीने गेले. कागदावर होतं: इमारत निर्मनुष्य, जमिनीत खचलेली, धोकादायक, मालकाने मुदतीत उतरवून घ्यावी. माझं डोकंच फिरलं. आई एकटी राहते हे खरं, पण एकटी म्हणजे निर्मनुष्य?

आमच्या गल्लीत जुना रस्ता कधी उकरत नाहीत, त्याच्यावरच नवा टाकतात. असं करत करत रस्ता इतका वर आला की आमचा उंबरठा खड्ड्यात गेला आणि पावसाचं पाणी थेट बैठकीत येऊ लागलं. शेवटी वडिलांनी त्या दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि खालची फट सिमेंटने बुजवून टाकली. तेव्हापासून आमचं जाणं-येणं मागून, काकूंच्या अंगणातून. पाहणीला आलेल्या माणसाने रस्त्यावर उभं राहून कुलूप बघितलं, अर्धं बुडालेलं दार बघितलं, आणि नोंद करून मोकळा झाला. खचलं काहीच नव्हतं. रस्ता चढला होता, आणि तो त्यांनीच चढवला होता.

पुण्याहून भावाचा फोन आला. "बरंच झालं की. आता तरी आई तुझ्याकडं राहायला येईल."

आईने ते ऐकलं. "मी न्हाई यायची," ती म्हणाली. "इथं मला समदे वळखत्यात. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मी कोनाला हाक मारू?" मला तेव्हा खरी भीती वाटली.

नगरपरिषदेतले बाबू शांत होते. "मॅडम, रेकॉर्डला घर बंद हाय."

"मग आज सकाळी मला पोहे कोणी करून घातले? रेकॉर्डनं?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. तक्रार लिहून दिली, पोच घेतल्याशिवाय हलले नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन बसले. मला टाळण्यापेक्षा घर बघून येणं सोपं, असं त्यांना वाटलं असावं.

आला तो एक तरुण इंजिनिअर. काकू आधी घाबरल्या होत्या. "साहेब लोकाला गल्लीत आनू नका बाई, आमची बी दारं तशीच हायती." पण त्या दिवशी त्यांनीच फाटक उघडलं आणि गोठ्याशेजारून वाट दाखवली. त्याने भिंती ठोकून पाहिल्या, फरशीवर पट्टी ठेवली, मग खिडकीतून वरच्या रस्त्याकडे बघत राहिला.

"घर चांगलं हाय मावशी," तो शेवटी म्हणाला. "नोटीस रद्द करायला लिहितो. रस्त्याचं बी लिहितो, पन त्याला टाइम लागंल."

आईने त्याला चहा दिला. मांडीवर कागद घेऊन तो भरायला बसला. "राहणारे किती?"

"एक," मी म्हणाले.

"एक कशी?" आई माझ्यावरच उखडली. "हिचं बी नाव लिव्हा साहेब."

"ताई तर परभणीला राहतात ना?"

"ऱ्हाती तिकडं. घर ह्ये हाय तिचं."

माझ्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली आहेत. या घराबद्दल बोलताना 'तुझं' असं मला कधी कुणी म्हटलं नव्हतं, आणि मीही अपेक्षा सोडून दिली होती. इंजिनिअरने माझ्याकडे बघितलं. चुकीच्या नोंदीसाठी मी एवढं रान उठवलं होतं, आणि आता माझ्या डोळ्यांदेखत एक चुकीची नोंद होत होती. मी डोळे पुसले आणि त्याला माझं पूर्ण नाव सांगितलं, माहेरचं.