रिम्पेलाचं नाव पुसलं जात नव्हतं

बोथनियाच्या आखाताकाठच्या एका गावात पाणी शुद्ध करणारं केंद्र होतं. तिथले संगणक इर्मेली हापसारी बावीस वर्षं सांभाळत होती. कामगारांची नावं मुख्य सर्व्हरवर असत, पण दरवेळी त्याला विचारायला नको म्हणून प्रत्येक संगणक नावांची नक्कल आपल्यापाशी ठेवी. हे काम करणारा प्रोग्रॅम भारी लहरी. नव्या माणसाला ओळखेना, मध्येच अडकून बसे. इर्मेली तो बंद करून पुन्हा चालू करी, की दोन दिवस सुखाचे.

नोव्हेंबरात नोंदी चाळताना तिचा हात थबकला. पंपघरातल्या संगणकावर सकाळी आठला तौनो रिम्पेला. कालही, परवाही. तौनोला तर मे महिन्यातच कामावरून कमी केलं होतं. त्याचं खातं तिनंच बंद केलं होतं.

"जुनी नोंद असेल गं," साहेब क्युओस्ती म्हणाला. "तो प्रोग्रॅम परत चालू कर आणि कॉफीला ये."

तिनं केला. सर्व्हर म्हणाला, असा माणूस नाही. पंपघर म्हणालं, आहे. नक्कल डिस्कवर उतरवलेली होती; प्रोग्रॅम उठला की तीच जुनी यादी वाचायचा. आणि फाटकाचं कुलूपही त्याच यादीवर उघडायचं.

राखणदाराला घेऊन ती खाली पंपघरात गेली. निळ्या डगल्यात तौनो क्लोरीनचे आकडे टिपत बसला होता.

"तौनो, तू इथं कसा?"

"कार्ड लावलं, दार उघडलं. मग मी कामाला लागलो." तो शांतपणे म्हणाला. "क्लोरीन जास्त पडत होतं, कमी केलं. तुमचं कुणाचं लक्ष असतं का?"

राखणदारानं त्याला बाहेर नेलं. पाण्याचे नमुने तपासायला गेले. दोन दिवसांनी ते ठीक निघाले. इर्मेलीनं सगळ्या नकला पुसल्या, तो प्रोग्रॅमच काढून टाकला. आता दरवेळी सर्व्हरलाच विचारावं लागे; संगणक संथ झाले म्हणून लोक करवादले. ती बधली नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता फाटकावर नोंद उमटली: रिम्पेला, प्रवेश नाही. तिसऱ्या दिवशीही. फेब्रुवारीपर्यंत रोज.

मग एका सोमवारी आठ वाजून गेले, नोंद आली नाही. इर्मेली कोट चढवून त्याच्या घरी गेली. दार बायकोनं उघडलं.

"तौनो ना? तो नेहमीसारखा मघाशीच कामावर गेला की," ती हसून म्हणाली. "का हो, पोचला नाही अजून?"