त्रिशलाची रात्रीची गोळी

त्रिशलाला दर एकवीस दिवसांनी रक्त लागतं. वय एकोणतीस, थॅलेसेमिया जन्मापासूनचा. निपाणीहून सकाळची बस, बेळगावचा दवाखाना, हाताला सुई, संध्याकाळी परत. ती शाळेत कन्नड शिकवते. रजेच्या अर्जात आता कारणही लिहीत नाही.

रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर अंगात लोह साठतं. ते उतरवायला रोज एक गोळी. "गोळ्या चुकवतेस," जुने डॉक्टर गेल्या खेपेला ओरडले होते. "लोह उतरलं नाही तर पुन्हा पंप." पंप म्हणजे पोटाच्या कातडीत सुई, तिच्यातून थेंबथेंब औषध, रोज दहा तास. शाळकरी वयातली सात वर्षं त्यात गेली. गाठी अजून हाताला लागतात.

आज खुर्चीत नव्या डॉक्टर होत्या, चिन्मयी. रिपोर्ट आणखी वाईट.

"लावा पंप," त्रिशलाच म्हणाली. "भांडायला ताकद न्हाय, मॅडम."

"थांब. गोळी कधी घेतेस?"

"चिठ्ठीवर हाय तशी. रात्री, जेवल्यावर."

"आणि जेवतेस कधी?"

त्रिशलानं शेजारी बसलेल्या आईकडं पाहिलं. पद्मावतीआक्का म्हणाल्या, "आमी जैन, बाई. दिस मावळायच्या आत जेवतो. गोळी आठाला. पण चातुर्मासात मावळल्यावर पाण्याचा घोटबी न्हाय. व्रत हिच्याच जिवासाठी धरलंय, म्हणून हिनंबी पाळलं."

"म्हणजे हे चार महिने गोळीच नाही?"

"मी म्हटलंवतं, जेवणाआधी घेऊ," त्रिशला आईला म्हणाली. "तूच म्हणालीस, डॉक्टरांनी रात्री लिवलंय, आपलं शानपण नको."

"आन् तू डॉक्टरास्नी का बोलली न्हाईस गं?"

"त्यांनी इचारलं कुठं?"

चिन्मयींनी चिठ्ठीवरची 'रात्री' खोडली. "सकाळी चालेल?"

"वर्गात मळमळतं."

"मग वेळ तू सांग."

एकोणतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आपला दिवस कसा जातो ते आठवायलाच तिला वेळ लागला. "सांजचे साडेपाच, दिस मावळायच्या आत. शिकवणीची पोरं असत्यात, पण त्यांना लिवायला लावीन."

"तीन महिने बघू. तोवर पंप नाही."

"लई बरं झालं बाई," आक्कांनी डोळ्याला पदर लावला.

त्रिशला नुसतं "व्हय" म्हणाली, कॉटवर आडवी झाली आणि हात पुढं केला. आनंद करायलासुद्धा आधी रक्त चढायला हवं होतं.