मागच्या चाकाची दोरी

फोन वाजला तेव्हा मी एका जीपखाली आडवा होतो, हात ग्रीसने भरलेले. वाजू दिला. परत वाजला, तेव्हा कळलंच. रफिकभाई बरेच दिवस दवाखान्यात होते. साखरेने आधी डोळे नेले, मग मूत्रपिंडं. हात पुसले, भाभींना फोन लावला, शटर ओढून निघालो... रडू आलं नाही. नुसतं थकल्यासारखं झालं, ते अजून उतरलेलं नाही.

द्वारका चौकाजवळचं गॅरेज आमचं दोघांचं. ते मूळचे मालेगावचे, माझ्याहून बरेच मोठे. ठोकलेल्या गाडीचा मागचा एक्सल सरळ करणं हे आमचं खास काम. बाजूने धडक बसली की एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवरून सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी पळते. मग एक्सल पाट्यांना आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट सैल करायचे, एक्सल ठोकून जागेवर आणायचा आणि मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणायची. पुढच्या चाकापासून दोरीचं अंतर डावीउजवीकडे सारखं भरलं की एक्सल सुतात आला. पुढचं टोक मी धरायचो. मागे गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, दोरी टेकली का ते भाई बघायचे. "मधू, दोरी धरलीस का पतंग उडवतोयस?" असं वर. त्यांनी "आला" म्हटलं की आला.

एकदा निफाडच्या एका बागाईतदाराची जीप आली होती, ट्रकने मागच्या चाकावर ठोकलेली. भाई "आला" म्हणाले. मी मागे नजर टाकली, तर टायर आणि दोरीच्या मध्ये बोट जाईल एवढी फट. ते तिच्याकडेच बघत होते आणि त्यांना ती दिसत नव्हती. मी "बरोबर," म्हणालो. नट आवळून ते दुपारच्या नमाजाला गेले. मी नट खोलले, दोरीचं एक टोक जॅकला बांधलं, एक्सल पुन्हा लावला, आणि ते परत यायच्या आत हात धुऊन चहा सांगितला.

मग ते रोजचंच झालं. त्यांनी आवळलेले नट हलक्या हाताने सुटायचे. वाटायचं, भाईंच्या हातातला जोरही गेला. वाईट वाटायचं आणि, आता लपवत नाही, बरंही वाटायचं. काम लवकर उरकायचं. डोळे दाखवायला चला, हे एक वाक्य मी बोललो नाही. वेळेवर बोललो असतो तर कदाचित डोळे राहिले असते...

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा म्हणाले, "एक्सल सुतात येतात का रे, मी नसताना?"

"येतात."

ते खिडकीकडे तोंड करून हसले. मी समजलो, गुंगी असेल.

भाई गेल्यावर चाळिसाव्या दिवशी भाभींनी ताट वाढलं आणि मी त्यांना सगळं सांगून टाकलं. बिर्याणी गार होत गेली. भाभी म्हणाल्या, "त्यांना मालूम होतं, भाऊ. नट अर्धेच आवळायचे ते. म्हणायचे, मधू परत खोलतोच, उगीच त्याची कंबर कशाला मोडायची."

"आणि एखाद्या दिवशी मी खोललेच नसते तर? तशीच गाडी रस्त्याला लागली असती, भाभी."

"मी पण हेच विचारलं. तर म्हणाले, तो तोंडाने बोलणार नाही, पण खोलल्याशिवाय राहणार नाही."

मी बोलावं म्हणून ते थांबले होते का, हे विचारायचं माझ्याच्याने झालं नाही. भाभींनी ताटात गरम भात वाढला.

दोरी अजून शटरजवळच्या खिळ्याला आहे, तुटलेल्या जागी त्यांनी मारलेल्या गाठीसकट. एक टोक जॅकला बांधतो, एक्सल लावतो, नट अर्धे आवळतो आणि बाहेर येऊन बसतो. दुपारची अजान होते. चहा संपतो. मग मागे जाऊन, त्यांच्या जागी गुडघ्यावर बसून दोरी पुन्हा बघतो. टेकली असेल तर "आला" म्हणतो, रिकाम्या गॅरेजात, चांगलं मोठ्याने. आणि मगच नट पुरते आवळतो.