अर्जनवीस चाचांचा जेरंड

वाशीमच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या आमच्या चाचांइतकी इंग्रजी भाषा खुद्द इंग्रजांनीही कधी मनाला लावून घेतली नसेल. साहेब व्याकरणात चुकला, तर चाचा सलाम अर्ध्यावर सोडत. घरी चाचीनं “खाने को आओ” म्हटलं, की ‘खाने को’ हा इन्फिनिटिव्ह कसा, हे तिला समजावून मगच ते उठत. तोवर भाकर निवे आणि चाची तापे. एखादा शेतकरी बांधाचं भांडण रडत रडत सांगे. चाचा डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, “तुहं दुःख खरं हाये बापा, पण त्याले ‘टु’वालं इन्फिनिटिव्ह लावू, ‘इंग’वालं जेरंड लावू, का अख्खा क्लॉज, थे ठरू दे.” ते ठरेपर्यंत पुष्कळदा दोन्ही पक्षांचा समेट होऊन जाई.

मी तेव्हा कचेरीत नवा कारकून होतो. हेडक्लार्कांनी मी उतरवलेली इंग्रजी नक्कल चुकांपायी तिसऱ्यांदा परत फेकली, तेव्हा मी त्यांना सगळ्यांदेखत गाढव म्हणालो. साहेबांचा हुकूम आला: कचेरी बंद व्हायच्या आत इंग्रजीत लेखी माफी, नाहीतर घर. मी लिहिलं, ‘आय रिग्रेट टु कॉल यू अ डाँकी’, आणि कागद चाचांकडे नेला. त्यांच्या तोंडातलं पान थांबलं.

“अबे, काय करून राह्यला तू? याचा अर्थ, तुमाले गाढव म्हणताना वाईट वाटते, पण म्हणतो! दुसऱ्यांदा म्हटलं ना त्याले!”

“मंग काय लिहू?”

“‘कॉलिंग’ लिही. जेरंड. म्हणजे म्हटलं थे म्हटलं, आता पस्तावा हाये.”

मी तसं लिहून, सुटलो म्हणून उठलो, तर चाचांना क्लॉजचा मोह पडला. ‘दॅट आय कॉल्ड यू’ जास्त अदबीचं दिसेल का, यावर त्यांनी चार कागद फाडले. “चाचा, माही नोकरी चालली!” असं ओरडून मी जेरंडचाच कागद घेऊन पळालो. हेडक्लार्कांनी तो दोनदा वाचला. “माणूस नाही, पण वाक्य सुधारलं,” म्हणाले. नोकरी वाचली.

पुढे चाचांची नजर गेली. लेकीकडे हिंगोलीला कायमचे निघाले, तेव्हा मी त्यांना गाडीत बसवायला गेलो. म्हटलं, “इंग्रजीत पत्र लिहीन चाचा. चुका कळवा.”

त्यांनी चाचपडत माझा हात धरला. “मराठीतच लिही बापा. लेक वाचून दाखवते. मले तुही खुशाली पाह्यजे.”

तरी पहिलं पत्र मी इंग्रजीतच लिहिलं. उत्तर लेकीच्या हाताचं आलं: अब्बा रोज वाचायला लावतात, मध्येच हसतात, पण चूक कुठे आहे ते सांगत नाहीत.